उसने देव

घारापुरीला जाणाऱ्या लाँचमध्ये डाव्या हाताला जागा मिळाली, तर वाटेत ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो आणि त्याच्या पायथ्याशी, खाडीच्या काठाला, अणुसंशोधन केंद्राचे घुमट. बहुतेक उतारू त्या वेळी सीगल पक्ष्यांना वेफर भरवण्यात दंग असतात. ट्रॉम्बेला मराठीत तुर्भे म्हणायची रीत होती. केंद्राच्या आवारात 4 ऑगस्ट 1956 रोजी भारताची पहिली अणुभट्टी चालू झाली. पाण्याच्या हौदात बुडालेल्या तिच्या गाभ्याभोवती निळी प्रभा फाकत असे. पंडित नेहरूंनी तिचं नाव ठेवलं ‘अप्सरा’. स्वतःला अज्ञेयवादी म्हणवणाऱ्या माणसाने, विज्ञानाच्या देवळात, इंद्राच्या दरबारातली नर्तकी आणून बसवली.

पुढे ही चालच पडली. 1985 साली 100 मेगावॉटची भट्टी आली, तिचं नाव ‘ध्रुव’. मधली ‘पूर्णिमा’ म्हणजे खरं तर एका लांबलचक इंग्रजी नावातली आद्याक्षरं ओढूनताणून जुळवलेली आहेत. ‘सायरस’चंही तेच, वाचताना मात्र इराणचा सम्राट डोळ्यांपुढे उभा राहतो. आणि भट्टीत जळतं ते काय? युरेनियम. क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1789 साली, नव्याने सापडलेल्या युरेनस ग्रहावरून, म्हणजे ग्रीकांच्या आकाशदेवावरून, हे नाव दिलं. जळून उरतं त्यातून काय काढतात? प्लुटोनियम. हे नाव प्लुटोचं, रोमनांच्या यमाचं. ट्रॉम्बेचा प्लुटोनियम कारखाना 1964 साली चालू झाला, त्या प्रकल्पाला नाव होतं ‘फिनिक्स’. एका कुंपणाच्या आत इंद्राची अप्सरा, विष्णूचा बाळभक्त, रोमचा यम आणि राखेतून उठणारा पक्षी! यांतलं कोणीही देवघरातून आलेलं नाही. सगळे काव्यातून, पुराणांतून आले. सत्तेला काहीतरी प्रचंड हाती लागलं की नाव शोधायला ती कवीच्या दाराशी येते.

हा उसनवारीचा व्यवहार फार जुना. राज्य तलवारीने मिळतं, पण ते आपल्याकडेच का राहावं याचं उत्तर तलवारीपाशी नसतं. ते देवांपाशी असतं आणि देव कवींच्या ताब्यात असतात. या प्रकरणात मला पाहायचं आहे ते एवढंच, की कवीने देव उसना दिला तेव्हा कोणत्या अटीवर दिला. त्यासाठी आधी रोमला जाऊ, मग परत इकडे, ट्रॉम्बेला लागून असलेल्या साष्टीला येऊ.

इ.स.पू. 44 मध्ये ज्युलियस सीझरचा खून झाला. त्याच उन्हाळ्यात आकाशात धूमकेतू दिसला, आणि सीझरचा आत्मा तारा झाला अशी बोलवा उठली. दोन वर्षांनी रोमच्या सीनेटने त्याला रीतसर देव ठरवलं. त्याने दत्तक घेतलेला पोरगा, पुढचा ऑगस्टस, तेव्हा विशीतला होता. त्याने नाण्यांवर स्वतःला देवपुत्र म्हणवून घेतलं. बापाचा देव झाला की मुलाचं काम निम्मं होतं.

उरलेलं निम्मं काम कवींनी केलं, पण सरळपणे नाही. व्हर्जिलचं पहिलं गोपगीत पाहा. यादवी युद्ध जिंकणाऱ्यांनी आपल्या सैनिकांना जमिनी देण्यासाठी उत्तर इटलीतल्या शेतकऱ्यांच्या जमिनी काढून घेतल्या. व्हर्जिलचा मांटुआ परगणाही त्यात सापडला. गीतात दोन धनगर भेटतात. एकाची जमीन वाचली आहे, तो झाडाखाली बसून पावा वाजवतो आहे आणि सांगतो आहे की, रोममधल्या एका तरुणामुळे हे सुख मिळालं, माझ्यासाठी तोच देव. दुसरा आपल्या शेळ्या हाकत परागंदा व्हायला निघाला आहे. आपल्याकडे त्याला प्रकल्पग्रस्त म्हटलं असतं. तरुणाचं नाव व्हर्जिल घेत नाही. पण ज्या देवाने एकाला सावली दिली त्याच देवाच्या फौजेने दुसऱ्याला उठवलं, हे न समजण्याइतका रोमन वाचक भाबडा नव्हता.

इ.स.पू. 29 च्या सुमारास पुऱ्या झालेल्या शेतीविषयक काव्यात तोच व्हर्जिल ऑगस्टसला विचारतो की, तुम्ही देव होणार हे तर ठरलंच, पण कुठलं खातं घेणार? जमीन, समुद्र की आकाश? आकाशात यायचं म्हणाल तर वृश्चिक राशीने तुमच्यासाठी नांग्या आत ओढून जागा करून ठेवली आहे. लोकलच्या चौथ्या सीटसाठी सरकून बसावं तसा हा विंचू! विद्वान हे स्थळ गंभीरपणे वाचतात. मला मात्र दर वेळी हसू येतं, आणि व्हर्जिललाही आलं असावं असं वाटतं.

‘इनीड’ या बारा सर्गांच्या महाकाव्यात मात्र विनोद नाही. ट्रॉयच्या राखेतून बापाला खांद्यावर घेऊन निघालेला इनियस हा व्हीनस देवीचा मुलगा. त्याचा मुलगा यूलस, आणि त्या नावावरून ज्युलियन घराणं. म्हणजे ऑगस्टसची वंशावळ थेट व्हीनसपर्यंत पोचते. पहिल्याच सर्गात ज्युपिटर रोमला काळाची आणि सीमेची मर्यादा नसलेलं साम्राज्य बहाल करतो, सनदेवर सही करावी तसं. सहाव्या सर्गात तर या साम्राज्याची हद्द भारतीयांच्याही पलीकडे जाणार असल्याचं भाकीत आहे. प्रत्यक्षात भारतातून ऑगस्टसकडे वकील गेले होते, आणि तो स्वतःच्या कारकिर्दीच्या हिशेबात ते अभिमानाने नोंदवतो. फौज कधी आली नाही. रोमच्या बाजूचा एक देव महाराष्ट्रात पोचला खरा, पण तो व्यापाऱ्याच्या सामानातून: कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती.

इतकी मोठी सनद देऊन व्हर्जिल काव्य संपवतो कशावर? शरण आलेल्या, गुडघे टेकलेल्या शत्रूला इनियस रागाच्या भरात ठार मारतो, तिथे. ना राज्याभिषेक, ना लग्न, ना देवांची पुष्पवृष्टी. काव्य तिथेच थांबतं. इ.स.पू. 19 मध्ये मरताना व्हर्जिलने हे अपुरं काव्य जाळून टाकायला सांगितलं होतं, ऑगस्टसने ते जाळू दिलं नाही. आपल्याकडचं ‘शिवभारत’ही असंच मध्येच तुटतं. शिवाजी महाराजांना विष्णूचा अवतार म्हणून उभं करणारं कवींद्र परमानंदाचं हे संस्कृत काव्य बत्तिसाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच थांबतं, राज्याभिषेक त्यात येतच नाही. अवताराची प्रतिज्ञा पहिल्यापासून आहे, सिंहासन मात्र नाही. दोन्ही काव्यं अपुरी राहिल्यानेच जास्त खरी वाटतात, असं माझं मत आहे.

होरेसबद्दल थोडक्यात. तो फिलिपीच्या रणात ऑगस्टसच्या विरुद्ध लढला, हरला, बापाची मिळकत गमावून बसला, मग ऑगस्टसच्या विश्वासातल्या मीसेनसच्या आश्रयाने त्याला साबाइन टेकड्यांत एक मळा मिळाला. इ.स.पू. 17 च्या शतमहोत्सवासाठी 27 मुलगे आणि 27 मुलींनी गायचं स्तोत्र त्याने रचलं. त्या सोहळ्याचा शिलालेख 1890 मध्ये टायबरच्या काठी सापडला आणि त्यात होरेसचं नाव कोरलेलं निघालं. सरकारी दगडावर कवीचं नाव, ही गोष्ट तशी दुर्मीळ. पण ऑगस्टसने खासगी चिटणीस व्हा म्हटल्यावर याच होरेसने नम्रपणे अंग काढून घेतलं. तुझ्या संवादकाव्यांत माझा उल्लेख नाही, माझी ओळख सांगायची लाज वाटते का, असं सम्राटाने त्याला रुसून विचारल्याचंही त्याच्या चरित्रात आहे. स्तोत्र देईन, घरात येणार नाही: ही होरेसची अट.

आणि मग ऑव्हिड. त्याच्या ‘मेटामॉर्फोसेस’मध्ये पंधरा सर्ग आणि सुमारे अडीचशे रूपांतरकथा आहेत. त्यात देव जागोजागी आहेत, पण एकही धड वागत नाही. पहिल्याच सर्गात ज्युपिटर देवांची सभा भरवतो आणि कवी म्हणतो की, धाडस करून बोलायचं तर हा स्वर्गातला पॅलटाइनच. पॅलटाइन ही रोममधली टेकडी, तिच्यावर ऑगस्टसचं घर. मानवजात बुडवायचा ठराव येतो. काही देव गरजून पाठिंबा देतात, काही नुसती मान डोलावतात. एकच शंका निघते: माणसं मेली तर आपल्या वेदीवर धूप कोण जाळणार? ठराव एकमताने मंजूर. सीनेटचं इतकं नेमकं चित्र तिच्या इतिवृत्तातही सापडणार नाही.

पुढचं तर याहून धीट. अपोलो हा ऑगस्टसचा खास देव. त्याचं देऊळ सम्राटाने स्वतःच्या घराला लागून बांधलं होतं. ऑव्हिडचा अपोलो काय करतो? डॅफ्नी नावाच्या मुलीमागे धापा टाकत पळतो, ती हाती लागत नाही, लॉरेलचं झाड होते. मग देव त्या झाडालाच मिठी मारून सांगतो की, तुझ्या फांद्या ऑगस्टसच्या दारावर मिरवतील. सीनेटने खरोखरच इ.स.पू. 27 मध्ये ऑगस्टसच्या दाराला लॉरेलचा मान दिला होता. ऑव्हिड वाचलेल्या माणसाला त्या दारासमोरून जाताना काय आठवत असेल? विजय, की नको म्हणणारी मुलगी?

प्लुटोची गोष्टही त्याचीच बघा, कारण ती ट्रॉम्बेच्या कुंपणापर्यंत येते. व्हीनस आपल्या मुलाला, मदनाला, सांगते की आकाश आपलं, समुद्र आपला, मग तिसरा हिस्सा पाताळ, तेवढं आपल्या अमलाबाहेर का? आणि बाण सुटतो. प्लुटो रथातून येऊन फुलं वेचणाऱ्या प्रोसर्पिनाला उचलून नेतो. ‘अंमल’ या अर्थी तिथे जो लॅटिन शब्द आहे, तोच रोमन साम्राज्यासाठी वापरत. ऑगस्टसची कुलदेवता हद्द वाढवायला निघते, आणि त्यात एका मुलीचं आयुष्य उद्ध्वस्त होतं. अरॅक्नी ही कोष्टीण मुलगी देवांची असली सगळी कृत्यं मागावर विणते. मिनर्व्हा देवीला त्या विणकामात एकही खोड काढता येत नाही, म्हणून ती कापड फाडते आणि विणणारीचा कोळी करते.

शेवटच्या सर्गात सीझरचा तारा होतो. तिथे ऑव्हिड कारणही देऊन टाकतो: मुलगा मर्त्य बीजाचा ठरू नये, म्हणून बापाला देव करणं भाग होतं. बाकी सगळे जे धूप लावून झाकत होते, ते यानं स्तुती म्हणून सांगून टाकलं. इ.स. 8 मध्ये त्याला काळ्या समुद्राकाठच्या टोमिसला, आजच्या रुमानियातल्या कॉन्स्टांट्साला, हद्दपार केलं. एक काव्य आणि एक चूक, एवढंच कारण तो सांगतो. दहाएक वर्षं आर्जवं करून तो तिथेच मेला. रोमच्या नगरपरिषदेने ती हद्दपारी रद्द केली, डिसेंबर 2017 मध्ये! लुकन या कवीला इतकीही सवड मिळाली नाही. नीरोच्या काळात त्याने यादवी युद्धावर महाकाव्य लिहिलं आणि त्यात देवांना हातच घालू दिला नाही. नीरोविरुद्धचा कट उघडकीला आल्यावर इ.स. 65 मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्याला स्वतःच्या शिरा कापून घ्याव्या लागल्या.

आता साष्टी. ट्रॉम्बे, माहुल, देवनार ज्या बेटाच्या अंगाला लागून आहेत, त्या साष्टीवर नवव्या शतकापासून तेराव्यापर्यंत शिलाहारांचं राज्य होतं, राजधानी पुढे ठाण्याला. स्वतःला ते महामंडलेश्वर म्हणवत, म्हणजे मूळचे कुणाचे तरी मांडलिकच. पण ताम्रपटांतली बिरुदं वाचा: तगरपुराचे स्वामी, सुवर्णगरुडध्वज, जीमूतवाहनाच्या वंशात जन्मलेले. हा जीमूतवाहन त्यांचा इनियस. विद्याधरांचा राजपुत्र. गरुडाला रोज एक नाग भक्ष्य म्हणून जायचा. एका आईचा आकांत ऐकून जीमूतवाहन तिच्या मुलाऐवजी स्वतः वधशिळेवर जाऊन पडला. गरुड त्याला फोडून खाऊ लागला, मग सत्य कळल्यावर ओशाळला. शिळेवरचा आहार, म्हणून शिलाहार, अशी नावाची फोड सांगतात.

मला ही वंशावळ व्हीनसच्या वंशावळीपेक्षा मोलाची वाटते. जगातले राजे पूर्वज म्हणून सूर्य घेतात, चंद्र घेतात, सिंह घेतात. इथे पूर्वज आहे तो भक्ष्य झालेला माणूस. आणि निशाणावर कोण? ज्याने त्याला खाल्लं तो गरुड! कवीने राजाला दिलेली ही स्तुती खरं तर मागणी आहे: वंश सांगतोस ना, मग दुसऱ्याच्या पोरासाठी शिळेवर जाऊन पड.

राजे पडले का? ताम्रपट त्या बाबतीत हात आखडता घेतात. 1127 सालच्या वडवली ताम्रपटात पहिल्या अपरादित्याची हकीकत आहे. राज्यावर छित्तुक्क नावाचा असुर चालून आला, सामंत त्याला मिळाले, धर्म बुडाला, वडीलधाऱ्यांचे हाल झाले. तेव्हा एकटा अपरादित्य घोड्यावर, दोन हात आणि एक तलवार यांच्या भरवशावर धावून गेला, आणि त्या असुराला लढावं की पळावं कळेना. छित्तुक्क हा हाडामांसाचा शत्रू होता हे उघड आहे. सामंत असुराला फितूर होत नसतात. पण एकदा त्याला असुर म्हटलं की त्याचं गाव, घराणं, गाऱ्हाणं काहीच सांगावं लागत नाही. रोमनांनी क्लिओपात्राचं हेच केलं: व्हर्जिलच्या ढालीवरच्या चित्रात तिच्या बाजूला भुंकणारे, प्राण्यांच्या तोंडाचे देव उभे आहेत.

तरीही हा अपरादित्य नुसता घोडेस्वार नव्हता. याज्ञवल्क्यस्मृतीवरची ‘अपरार्क’ टीका त्याच्या नावावर आहे. त्याने काश्मीरला तेजकंठ नावाचा वकील पाठवला, आणि मंख कवीने आपल्या ‘श्रीकंठचरिता’त पंडितांच्या सभेचं वर्णन करताना त्याची नोंद केली. शंकराने त्रिपुर जाळल्याची कथा सांगणाऱ्या काव्याच्या शेवटी कोकणचा वकील बसलेला आहे! अपरादित्याच्या आधीच्या शतकात लाट देशाच्या सोड्ढलाने याच दरबारात, छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणि या भावांच्या आश्रयाने, ‘उदयसुंदरीकथा’ लिहिली. ठाण्याला तेव्हा काव्याची चांगली पेठ होती.

पण सत्ता फक्त दरबारात चालत नाही, ती वाडीवर जाऊन वसूल करावी लागते. तिथे कुठला देव कामाला येतो, ते परळला सापडलेल्या शिलालेखात दिसतं. दुसऱ्या अपरादित्याच्या काळचा, जानेवारी 1187 चा हा लेख. साष्टीतल्या माहवली गावातल्या एका वाडीचं 24 द्रम्मांचं ठरीव उत्पन्न वैद्यनाथ देवाला दिल्याची त्यात नोंद आहे. नाव ऐकताच ट्रॉम्बेशेजारचं माहुल आठवतं, जिथे आता तेलशुद्धीकरणाच्या टाक्या आहेत. लेख संस्कृतात आहे: राजा, बिरुदं, मंत्री, दान, सगळं. शेवटी भाषा एकदम बदलते आणि मराठी सुरू होते. जो कोणी हे शासन मोडेल त्याच्यावर, कुटुंबासकट, वैद्यनाथाचा कोप होवो. आणि पुढे त्याच्या आईला जोडून गाढवाची शिवी. ती इथे लिहीत नाही, गधेगाळ, म्हणजे असली शिवी कोरलेले दगड, पाहिलेल्यांना ती ठाऊक आहे.

जीमूतवाहन संस्कृतात, गाढव मराठीत. स्तुती राजाने ऐकायची होती, शिवी वाडीतल्या माणसाला कळायला हवी होती. रोममध्ये व्हर्जिलने जे बारा सर्गांत केलं, ते इथे एका ओळीत उरकलं. मराठी भाषेच्या जुन्यातल्या जुन्या लेखी नमुन्यांत या शिव्या मोडतात, हे आपण फारसं बोलून दाखवत नाही. पुढे शंभर वर्षांनी ज्ञानेश्वरांनी याच भाषेत गीता आणली आणि राजा रामचंद्रदेवाला शेवटी ओझरतं स्थान दिलं. नऊ हजार ओव्यांत राजाच्या वाट्याला आलेली जागा मोजून पाहण्यासारखी आहे.

शिलाहारांचा शेवट 1265 च्या सुमारास झाला. देवगिरीच्या महादेव यादवाने आधी जमिनीवर आणि मग समुद्रात गाठून सोमेश्वर शिलाहाराचा पराभव केला. यादव कृष्णाच्या वंशातले म्हणवत आणि त्यांचंही चिन्ह गरुडच. म्हणजे त्या दिवशी अरबी समुद्रावर दोन्ही बाजूंना एकच देव फडकत होता. सोमेश्वर बुडाला. यादवांचा मंत्री हेमाद्री याने प्रशस्तीत त्याचं काय केलं पाहा: महादेवाच्या क्रोधाचा अग्नी सोसण्यापेक्षा सोमेश्वराला समुद्रात बुडणं बरं वाटलं. बुडून मेलेल्या राजाची कल्पना म्हणून हे सुंदर आहे, आणि तितकंच क्रूर. शिलाहारांकडे तेव्हा उत्तर द्यायला कवी उरला नव्हता.

कवी नसला तरी पाथरवट होते. बोरिवलीला एकसर गावात वीरगळांची, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या स्मारकशिळांची, रांग आहे, त्यांतले मोठे दगड साधारण दहा फूट उंच. काहींवर हत्ती आणि तिरंदाज आहेत, काहींवर वल्ह्यांच्या रांगा असलेली गलबतं आहेत. अभ्यासकांपैकी अनेकजण ती सोमेश्वराच्या शेवटच्या लढाईची मानतात. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाशी झुंज, मग मरण, मग हात धरून वर नेणाऱ्या अप्सरा, आणि माथ्याजवळ शिवलिंगापुढे बसलेला वीर. सीझरला तारा व्हायला सीनेटचा ठराव लागला. इथे गलबतावर मेलेल्या शिपायालाही अप्सरा मिळाली.

एकसरला गेलात तर वरच्या देवाकडे लगेच पाहू नका. आधी खाली बसा आणि वल्ही मोजा.